ह्यो जेवला कवा?

अख्खा तंबू शिट्ट्या मारत असे तेव्हा आत्या एकच प्रश्न विचारत असे. पडद्यावर काळा बुरखा घातलेला हिरो गच्चीवरून थेट घोड्याच्या पाठीवर उडी टाकायचा, चाबकाच्या एका फटक्यात दरोडेखोरांची अख्खी टोळी लोळवायचा, आणि पुरुषांच्या बाजूला टोप्या उडायच्या. त्या गोंगाटाला जरा उसंत मिळाली की बायकांच्या कनातीच्या दारातून तिचा खडा आवाज येई, "अरं पर ह्यो जेवला कवा? सकाळधरनं नुसता पळतोय." मग पुन्हा हशा. टोप्या उडवणारे आणि हसणारे तेच. आत्या मात्र हसायची नाही. उत्तराची वाट बघितल्यासारखी पडद्याकडे बघत राहायची.

ती माझी आत्या नव्हती आणि गावात दुसऱ्या कुणाचीही नव्हती. खर्ड्यात सगळेच तिला आत्या म्हणत, कारण तिला मूलबाळ नव्हतं आणि एवढ्या धिप्पाड बाईला नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. तिचा नवरा पैलवान. पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाकडे लढाईवर गेला, आणि काही महिन्यांनी सरकारातून एवढंच कळलं की तो बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हटलं नाही, जिवंत आहे असंही कुणी म्हटलं नाही. बेपत्ता झालेल्या माणसाच्या बायकोने कसं राहायचं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तोवर खर्ड्यातून माणसं एक तर परत येत किंवा मरत. आत्याने आपलं आपण ठरवलं. ती रोज सकाळी मेण लावून ठसठशीत कुंकू लावत राहिली आणि किल्ल्याच्या वाटेवरच्या एका खोलीत एकटी राहत राहिली.

सिनेमाचा तंबू सुगी आटोपली की यायचा आणि किल्ल्याच्या तटाखालच्या मैदानात उभा राहायचा. हद्दीपलीकडून, निजामाच्या मुलखातूनसुद्धा लोक गाड्या जुंपून येत. तंबूच्या मधोमध, सिनेमाच्या पडद्यापासून थेट मागपर्यंत, एक कापडी आडपडदा ताणलेला असे. त्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका-पोरं. बायकांच्या बाजूला कनात म्हणत. तंबूच्या शेठला दरसाल एकच काळजी, कनातीत पुरुष घुसू नयेत. घुसले की दुसऱ्या दिवशी बायका येत नसत. पाटलांनी त्याला सांगितलं, पैलवानाची बायको बसवा दारावर, कुणी फिरकायचं नाही. आत्याला काम मिळालं ते असं, जवळ नसलेल्या नवऱ्याच्या जोरावर.

तिने मात्र ते स्वतःच्या जोरावर केलं. पैलवानाची काठी मांडीवर आडवी घेऊन ती दारात बसायची. तिकीट फाडताना प्रत्येक बाईला विचारायची, "पोराला पाजलंय का? मग आत मधी रडवू नगं." पोर रडलंच तर ती ते बाहेर घेऊन जायची आणि गाठोड्यातल्या भाकरीचा मऊ तुकडा त्याच्या तोंडात द्यायची. भाकरीचं हे गाठोडं ती कधी विसरली नाही. कुणी उपाशी बसून सिनेमा बघतंय ही कल्पनाच तिला सहन व्हायची नाही, मग ते कनातीत असो की पडद्यावर.

आता माझ्याविषयी सांगते, कारण त्या वयात मी जितकी मूर्ख होते तितकं मूर्ख होणं पुढे मला जमलं नाही. मी गावातल्या मास्तरांची मुलगी. वर्गात पहिली यायचे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. बुरखेवाला हिरो खरोखरच कुठेतरी आहे, घाटापलीकडे राहतो, आणि एखाद्या दिवशी खर्ड्याच्या किल्ल्यावर उतरेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तो आल्यावर त्याला मदतीला कुणीतरी लागेल. ते कुणीतरी म्हणजे अर्थात मीच. दोन वेण्या, नाकात चमकीएवढं सुंकलं, आणि उजवी चप्पल कायम अंगठ्यापाशी तुटलेली. बुरखेवाल्याचं नशीब.

तयारी म्हणून मी वडिलांच्या छत्रीच्या कापडाला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. अख्खं कापड काढायचा विचार होता, पण काड्यांनी दाद दिली नाही. मग भोकं तशीच ठेवून छत्री कोपऱ्यात उभी केली आणि आईच्या काळ्या खणावर काम भागवलं. दुसऱ्या दिवशी भर बाजारात वडिलांनी उन्हासाठी छत्री उघडली, तर त्यांच्या दोन्ही गालांवर उन्हाचे दोन गोल पडले. ते चालतील तसे गोलही चालत. लोक आपल्याकडे बघून का हसतात, हे वडिलांना घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर मला कळलं.

तो मार ताजा असतानाच मी खण तोंडाला बांधून तटाच्या पडलेल्या भागावर चढले. खाली घोडा नव्हता. म्हैस होती. मी म्हटलं, चालेल. उडी टाकली. म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल बाजूला सरकली, बस्स. मी दगडावर. दोन्ही गुडघे फुटले, खण सुटला, आणि बुरखेवाल्याची साथीदार आईच्या नावाने भोकाड पसरून रडू लागली.

आत्याची खोली जवळच. तिने मला उचलून आत नेलं, गुडघे धुतले, हळद भरली. मी हुंदके देत म्हटलं, "पण आत्या, त्याला कसं लागत नाही?"

"तेच तर मी इचारते, बाय."

"तो हिरो आहे ना."

"असू दे की. मी काय म्हनते, उडी मारू नगं? मार. ताडावरनं मार, आभाळातनं मार, मला काय. पर खाली आल्यावर गुडघा धरायचा. कुनीतरी हळद लावायची. एवढ्या शिनेमात हळदीची वाटी कुनाच्या घरात दिसली का तुला?"

मी विचार करून म्हटलं, "ते दाखवलं तर मजा येणार नाही."

"मजा," ती म्हणाली आणि पट्टी आवळली, तेव्हा मी पुन्हा किंचाळले.

माझं आणि तिचं हे भांडण पुढे तीन हंगाम चाललं. माझं म्हणणं, खरंच बघायचं तर तंबूत कशाला जायचं, घर आहेच की. तिचं म्हणणं, सगळं खोटं चालेल, पण माणूस तेवढा खरा पाहिजे. भूक, तहान, झोप, आणि पडलं की लागणं, एवढ्या गोष्टींत तिला सूट मान्य नव्हती. एकदा हिरो रात्रभर तुरुंगाची भिंत फोडून सकाळी दरबारात गाणं म्हणायला हजर झाला, तर आत्याने कनातीत सांगून टाकलं, "जांभई तरी देऊ द्या रं त्याला." त्यावर पुढच्या खेळाला सगळ्या बायका नेमक्या त्याच जागी एकदम जांभया द्यायला लागल्या. पलीकडच्या पुरुषांना कळेना काय चाललंय.

तिचा हा हट्ट कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. कळायला काही अवघड नव्हतं, मी पहिली येणारी होते म्हणून अडलं. गावात पारावर बसलेली माणसं तिला येता-जाता धीर द्यायची. धीर देण्याची पद्धत ठरलेली. "आत्या, पैलवानाची काळजी करू नगा. त्यो एकटा दहा जनांना भारी. गोळी त्याच्या अंगावरनं घसरंल. त्याला काय हुतंय." पैलवानाच्या गोष्टी दरवर्षी वाढत. आधी त्याने जत्रेत एक बैल शिंगं धरून थांबवला होता. पुढच्या वर्षी दोन. मी शाळा सोडेपर्यंत तो भरलेली गाडी एका हाताने नदीतून ओढून काढत होता.

आत्या ऐकून घ्यायची. एकदाच तिने पारासमोर उभं राहून उत्तर दिलं, तेव्हा मी पिठाचा डबा घेऊन तिच्या मागे होते.

"सकाळची न्याहारी जरा मागंपुढं झाली तर त्यांच्या डोळ्यांत पानी यायचं," ती म्हणाली. "खरं सांगते. एवढा मोठा गडी, चुलीम्होरं बसून रडवेला व्हायचा. अंधारात परसाकडं जायचं तर मला कंदील घिऊन संगं न्यायचा. पायात काटा मोडला तर काढू द्यायचा न्हाई, आरडायचा. तुमी त्यांना लागतच न्हाई म्हनताय. ज्याला लागत न्हाई, भूक लागत न्हाई, असा मानूस मेलेला असतुया. माझा तसा न्हाई."

 चार दिवसांनी पारावर पुन्हा तेच. दहा जणांना भारी.

लढाईच्या त्या वर्षांत सिनेमाच्या आधी लढाईच्या बातम्यांची एक छोटी फिल्म दाखवावीच लागे, सरकारी हुकूम होता. लोक तेवढ्यात बिड्या ओढून घेत, शेंगा फोडून घेत. कनातीतल्या बायका पोरांना झोपवत. आत्या मात्र काठी टेकून उभी राहायची आणि पडद्याच्या इतकी जवळ जायची की तिची सावली पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर दिसे. फौजांची रांग जायची, तोफा उडायच्या, कुणीतरी हसत चहा पीत असायचं. ती चेहरे बघत असायची. फिल्म संपली की आपल्या जागी येऊन बसायची.

"दिसले?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं हे कळण्याएवढी अक्कल नव्हती.

"टोप्या लई स्वच्छ हायेत त्यांच्या," आत्या म्हणाली. "ह्यो बी शिनेमाच हाय, इंदे."

त्यानंतर तो कड्याचा सिनेमा आला. त्यात बुरखेवाल्याला शत्रू एका उंच कड्यावरून ढकलून देतात. हातपाय पसरून तो खाली, खाली, पार खाली जातो, आणि त्याचा घोडा वर उभा राहून खिंकाळतो. तंबूत एकाच मशीनवर सिनेमा चाले, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लागे आणि दुसरं चढवेपर्यंत सगळे बोलत बसत. त्या दिवशी दिवा लागला तेव्हा कुणी बोललं नाही. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मग दिवा गेला, नवं रीळ सुरू झालं, आणि बुरखेवाला घोड्यावरून भरधाव येत होता. बुरखा कडक इस्त्रीचा. शिट्ट्यांनी तंबू फाटायची वेळ आली. मीही उभी राहून ओरडत होते.

आत्याचा आवाज आला, पण नेहमीसारखा नव्हता, घाईचा होता. "ह्यो वर कसा आला?"

आडपडद्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "आत्या, हिरो हाय त्यो. त्याला काय हुतंय."

सगळे हसले. मीसुद्धा. आत्या उठली, काठी दारालाच टेकवून ठेवली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले, कारण दारावर कुणी नसल्याचं मला भलतंच महत्त्वाचं वाटलं आणि ते तिला सांगायचं होतं.

मशीन तंबूच्या मागे एका लाकडी खोक्यात असे आणि ते हमीदचाचा चालवायचे. नगरचे, वयस्कर, सदा कानावर बिडी. आत्याने त्यांना सरळ विचारलं, "मधलं कुठं हाय?"

चाचांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या गोल डब्याकडे. "डब्यात हाय, आत्याबाई."

"म्हंजी?"

"हाय ना मधलं. तो कसा वाचला ते सगळं हाय. पर त्यात मारामारी न्हाई, गाना न्हाई. पब्लिक बोंब मारती. इंजनाला तेल मिळंना आजकाल. शेट बोल्ले, ते रीळ लावू नको, कुनाला कळनार हाय."

आत्या त्या डब्यासमोर उकिडवी बसली. त्याला हात लावला नाही. "त्यो वाचला कसा ते केलंय त्यांनी," ती म्हणाली, "आन् तुमी दावत न्हाई."

शेठने नकार दिला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याने तंबू चालवायला काढला होता आणि पब्लिकला काय लागतं हे त्याला पाठ होतं. "आत्या, हिरो खाटेवर पडलाय हे बघायला कोण येतं? घरोघरी पडलेत की," असं तो म्हणाला. आत्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती कनातीच्या दारावर आली नाही. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण काठीशिवायचं दार बघून बायका पोरांना काखेत मारून परत फिरल्या. दोन टवाळ पोरं कनातीत शिरून शेंगा खात बसली. त्यानंतरच्या दिवशी कनात रिकामी. चौथ्या दिवशी सकाळी शेठ आत्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. मी त्या वेळी तिच्याकडे गुडघा दाखवायच्या निमित्ताने गेलेली, गुडघा केव्हाच बरा झालेला.

"शेवटच्या खेळाला लावतो," शेठ म्हणाला. "एकदाच. पब्लिक ओरडलं तर मी जबाबदार नाही."

"वरडू दे," आत्या म्हणाली. मग त्याला आत बोलावून भाकरी वाढली, कारण तो सकाळी काही न खाता आला होता हे तिने तोंड बघूनच ओळखलं.

शेवटचा खेळ. कडा, ढकलणं, खाली, घोड्याचं खिंकाळणं. दिवा लागला. आणि मग ते रीळ.

मी तुम्हाला खरं सांगते, मला ते अजिबात आवडलं नाही. कड्याखाली एक धनगर म्हातारी मेंढरं घेऊन जात असते. तिला तो सापडतो. ती त्याला ओढत झोपडीत नेते आणि पहिलं काम करते ते म्हणजे त्याचा बुरखा काढते. आत एक साधा माणूस. कपाळावर टक्कल सुरू झालेलं, गालावर देवीचे व्रण, डोळे घाबरलेले. मी तोंडावर हात घेतला. ह्या माणसासाठी मी वडिलांच्या छत्रीला भोकं पाडली होती? तो उठायला बघतो आणि पडतो. पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. दाढी वाढते. पुरुषांच्या बाजूला आरडाओरडा सुरू झाला. "अय हमीद, पुढं घे." "झोपला रं हिरो, आमाला बी अंथरून दे." अर्धे लोक उठून बाहेर गेले.

कनातीत कुणी हललं नाही. पडद्यावर म्हातारी त्याच्याजवळ बसते, वाडग्यात भाकरी कुस्करते, दूध ओतते, कालवते, आणि एक घास त्याच्या तोंडाजवळ नेते. तो मान फिरवतो. ती थांबते. परत नेते. मग तो तोंड उघडतो.

मी चिडून, दार सोडून आज माझ्या शेजारी येऊन बसलेल्या आत्याकडे बघितलं, असलं रटाळ रीळ लावायला लावल्याबद्दल तिला काहीतरी बोलायच्या तयारीने. तर आत्याचं तोंड हलत होतं. तो चावायचा तसं तीही चावत होती, हळूहळू, लेकराला भरवताना आया चावतात तशी. तो गिळायचा की हिचा गळा हलायचा. वाडगा रिकामा होईपर्यंत.

"जेवला," ती म्हणाली.

मोठ्याने नाही. मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं. पुढचं रीळ सुरू झालं, बुरखा, घोडा, शिट्ट्या; ते तिने बघितलं नाही. काठी घेऊन दारात जाऊन बसली.

लढाई संपली. भरतीला गेलेले एकेक करून परत आले. कुणाची वाजतगाजत मिरवणूक, कुणी गुपचूप. आमच्या गल्लीतला एक जण ब्रह्मदेशातून आला तेव्हा बायकांनी त्याला गराडा घातला. आत्या मागे उभी राहिली. सगळ्यांचं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "तिकडं वाटंत पडलेल्या मानसाला कुनी जेवाय घालतं का?"

तो पोरगा बायकांतून वाट काढत तिच्याजवळ आला. मग म्हणाला, "घालत्यात, आत्या. गरीब लोकं हायेत, पर घालत्यात. भात देत्यात."

"भात," आत्या म्हणाली. "भातानं त्यांचं भागायचं न्हाई."

त्या रात्रीपासून असेल की त्याआधीपासून, मला सांगता येणार नाही, पण तिच्या खोलीच्या दाराशी एक टोपली असायची आणि तीत झाकलेल्या भाकरी. किल्ल्याच्या वाटेने हद्दीपलीकडचे लोक येत. मेंढपाळ, मजूर, आणि पुढे त्या मुलखात गडबड झाली तेव्हा घरंदारं टाकून आलेली कुटुंबं, हिंदूही, मुसलमानही. आत्या कुणाला गाव विचारायची नाही, जात विचारायची नाही, कुठे चाललात विचारायची नाही. तिचा एकच प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. आई एकदा म्हणाली, अहो आत्या, स्वतःसाठी ठेवा काही. तर म्हणाली, "तिकडं माझ्या मानसाला घास घालनारी बाई सोतासाठी ठेवून घेतीया का?" तंबू दरवर्षी येत राहिला. कनातीवर दुसरी बाई बसली. आत्या पुन्हा सिनेमाला आली नाही.

माझं लग्न ठरलं ते नगरला. निघायच्या दिवशी आत्याने माझ्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. मी नव्या शालूत, पहिली येणारी मुलगी, आता शहरात निघाले या गुर्मीत. म्हटलं, आत्या, वाटेत हॉटेलं आहेत आता. ती म्हणाली, "असू दे. गाडी बंद पडंल." गाडी बंद पडलीच. घाटात सगळं वऱ्हाड तासन्‌तास बसून राहिलं, आणि माझ्या नवऱ्याने आमच्या संसारातला पहिला शब्द उच्चारला तो असा: "त्या गाठोड्यात काय आहे?"

ती गेली तेव्हा मी बाळंतपणात होते, जाता आलं नाही. आईने नंतर सांगितलं. गावासमोर प्रश्न पडला की आत्याला न्यायचं कसं. सवाष्ण म्हणून की विधवा म्हणून. इतकी वर्षं कुणी ठरवलं नव्हतं, तिने ठरवूच दिलं नव्हतं. पारावरचे पुरुष गप्प बसले, दहा जणांना भारी म्हणणारे सगळे. शेवटी कनातीतल्या बायका उठल्या. त्यांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या, नवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. एकीने टोपलीतली भाकरी तिच्या ओटीत ठेवली. भटजी काहीतरी म्हणू लागले, पण बायकांनी ऐकून घेतलं नाही.

आता मी पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहते, एकटीच. नातू शिकायला परदेशी जाण्याआधी मला आपले सिनेमे दाखवायचा, ते उडणारे, पोलादी कपड्यांतले. म्हणायचा, "आजी, हा वेगळा आहे, एकदम रिअलिस्टिक. बघ, ह्याला जखमा होतात." होतात खऱ्या. तिसऱ्या मिनिटाला बऱ्याही होतात. मी विचारायचे, "पण हा जेवला कधी?" तो खो-खो हसायचा. मग मलाही हसू यायचं. ज्या पोरीने म्हशीवर उडी टाकली तिच्या तोंडी हा प्रश्न म्हणजे जरा जास्तच.

तो रविवारी फोनवर दिसतो. माझी सकाळ, त्याची रात्र. अभ्यास कसा चाललाय, ठीक. तब्येत, ठीक. थंडी, ठीक. सगळं ठीक. कड्यावरून पडलेलं पोर थेट घोड्यावर. मधलं मला कुणी दाखवत नाही. गेल्या रविवारी मी म्हटलं, "ते राहू दे. तुझ्यासमोर तो डबा आहे ना, तो खा. मी बसते." तो म्हणाला, "आजी, असं काय, बोल ना काहीतरी." मी म्हटलं, "तू खा."

मग तो खायला लागला. डोळ्यांखाली काळं आलंय, दाढी वाढलीये, केस कुणी कापलेत कोण जाणे. खोलीत मागे कुणीच दिसत नव्हतं. शेवया होत्या कसल्यातरी, लांबच लांब. थोड्या वेळाने त्याने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, तू काय खातेयस?"

मी काहीच खात नव्हते.